कूलर सुटला, ड्रम अडकला

एप्रिल संपत आला तेव्हा आमच्या बर्न्स वॉर्डातून येणाऱ्या जखमांच्या स्वॅबांवरून जंतू वाढवलेल्या प्लेटा एकसारख्या दिसायला लागल्या होत्या. झाकण उचललं की हिरवट निळी छटा आणि पिकल्या द्राक्षांचा गोडसर वास. एवढ्यावर स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जंतू ओळखायला फार डोकं लागत नाही. ऑक्सिडेज टेस्ट लावायची, ४२ अंशांवर वाढतो का ते बघायचं, संपलं. जखमेवरच्या पट्ट्या निळ्या-हिरव्या का होतात, या प्रश्नाच्या मागे लागून कार्ल गेसार नावाच्या फ्रेंच फार्मासिस्टनं १८८२ मध्ये हा जंतू वेगळा काढला. आमच्या सिस्टर आजही पट्टीच्या रंगावरूनच लॅबला फोन करतात. "मॅडम, परत हिरवं आलं."

मी तेव्हा मराठवाड्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मायक्रोबायॉलॉजीची दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट होते. सकाळच्या राउंडला एचओडी, म्हणजे विभागप्रमुख मॅडमनी ओळीनं मांडलेल्या प्लेटा पाहिल्या आणि म्हणाल्या, "स्यूडोमोनास आहे हे मला दारातच कळलं. सगळीकडे एकच आहे की प्रत्येकाचा वेगळा, ते सांग."

प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. एकाच जातीचे जंतू असले तरी घराणी अनेक. दहा पेशंटना दहा घराण्यांचे स्यूडोमोनास झाले असतील तर जो तो आपापल्या वाटेनं आला, असं म्हणता येतं. पण एकच घराणं या खाटेवरून त्या खाटेवर फिरत असेल, तर कुठंतरी त्याचं बिऱ्हाड आहे आणि ते शोधायला हवं. यातले बहुतेक पेशंट दाखल होताना स्वच्छ होते आणि हिरवं नंतर, ४८ तास उलटून गेल्यावर आलं होतं. म्हणजे पुस्तकी व्याख्येप्रमाणे ही लागण हॉस्पिटलातलीच.

पहिला उपाय कुणीही करतं तोच केला, अँटिबायोग्राम, म्हणजे कोणतं औषध चालतं आणि कोणतं नाही याच्या याद्या, शेजारी शेजारी ठेवले. काही उजेड पडला नाही. सेफ्टाझिडिम आर (म्हणजे रेझिस्टंट, औषधाला दाद न देणारा), जेंटामायसिन आर, सिप्रोफ्लॉक्सासिन आर, कोलिस्टिन चालतंय. खालपासून वरपर्यंत तेच. सगळेच निर्ढावलेले असले की निर्ढावलेपणावरून ओळख पटत नाही. शिवाय औषधं सुरू असताना जंतूची ही पाटी बदलत राहते. त्याच पेशंटचा पंधरा दिवसांनी घेतलेला स्वॅब वेगळा अँटिबायोग्राम देऊ शकतो. ओळख पटवायची तर सहसा न बदलणारी खूण लागते.

स्यूडोमोनासच्या बाबतीत ती खूण म्हणजे ओ-अँटिजेन. जंतूच्या बाहेरच्या आवरणातून लिपोपॉलिसॅकराइडचे रेणू बाहेर आलेले असतात आणि त्यांच्या टोकाला साखरेच्या घटकांची लांब साखळी असते. कोणत्या साखरा, कोणत्या क्रमानं, एकमेकींना कशा जोडलेल्या, हे प्रकारागणिक वेगळं. सशाला एका प्रकारचा मेलेला जंतू टोचला की त्याच्या रक्तात त्या साखळीविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. दुसऱ्या प्रकारांनाही चिकटणारी प्रतिपिंडं शोषून काढून टाकली की उरतं ते त्या एकाच प्रकाराला ओळखणारं सीरम. ते जंतूंच्या गढूळ पाण्यात मिसळायचं. ओळख पटली तर जंतू एकमेकांना चिकटून दाणे होतात, नाही पटली तर गढूळपणा तसाच राहतो. ही युक्ती व्हिएन्नात ग्रुबर आणि डरहॅम यांनी १८९६ मध्ये दाखवली. जंतू साखर आंबवतो का या टेस्टमध्ये आपण जी छोटी उलटी नळी टाकतो, ती याच डरहॅमची. त्याच वर्षी विडालनं तीच गोष्ट उलट्या बाजूनं वापरली, जंतू माहीत आणि पेशंटचं सीरम अनोळखी. आणि आपल्याकडे टायफॉइडसाठी गल्लोगल्ली 'विडाल काढा' सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही. त्यावर बोलायला बसले तर हा लेख भलतीकडेच जाईल.

जंतूंची अशी वर्गवारी करण्यात सगळ्यात पुढे साल्मोनेला. कॉफमन-व्हाइट पद्धतीत त्याचे अडीच हजारांहून अधिक प्रकार आहेत आणि आपल्या देशात ती ओळख पटवायची तर जंतू वाढवलेली नळी, म्हणजे स्लँट, पॅक करून हिमाचलात कसौलीच्या केंद्रीय संशोधन संस्थेत पाठवतात, कारण एवढी सीरं कुठल्याही साध्या कॉलेजात असणं शक्य नाही. स्ट्रेप्टोकॉकसचे गट रिबेका लान्सफिल्ड यांनी १९३३ मध्ये पाडले. तेच ए, बी, सी, डी आपण रोज रिपोर्टावर लिहितो. क्लेब्सिएलाची कवचावरून ७७ प्रकारांत विभागणी झाली. स्यूडोमोनासचा मात्र बराच काळ गोंधळ होता. हाब्सनं १९५७ मध्ये १२ गट सांगितले, फिशर आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये लस डोळ्यांपुढे ठेवून ७ सांगितले, हंगेरीत वेगळी यादी, जपानात वेगळी. शेवटी एक आंतरराष्ट्रीय यादी ठरली, ओ-१ ते ओ-२०. तरी जपानी किट आजही इंग्रजी अक्षरं वापरतं. त्यातला 'ई' म्हणजे आंतरराष्ट्रीय ओ-११ आणि 'जी' म्हणजे ओ-६. दोन लॅबचे रिपोर्ट जुळवताना हे ध्यानात ठेवलं नाही तर भलतेच निष्कर्ष निघतात.

हे सगळं वाचून झालं. सीरं मात्र नव्हती.

सरकारी कॉलेजात सीरम मागवणं हा स्वतंत्र अनुभवकथनाचा विषय आहे. इंडेंट म्हणजे मागणीपत्र, तीन कोटेशनं, 'हे रुटीनचं आहे का?' असा शेरा, त्यावर खुलासा, मग 'एवढीशी बाटली एवढ्याला?' असा तोंडी प्रश्न. बाटली खरंच एवढीशी असते, करंगळीएवढी, वर ड्रॉपर. मॅडमनी स्वतः जाऊन सांगितलं की वॉर्ड बंद ठेवावा लागला तर याहून महाग पडेल, तेव्हा सही झाली. मुंबईहून थर्माकोलच्या पेटीत माल आला तो भर मे महिन्यात, दुपारी. पेटी उघडून टेक्निशियन काकांनी आधी बर्फाच्या पिशव्यांना हात लावून पाहिला, मग बाटल्यांना. बर्फ वितळला होता पण पाणी गार होतं. २ ते ८ अंशांत राहायला हवीत अशी ही सीरं, आणि आमच्याकडे दुपारी लाइट जाणार हे ठरलेलं. काकांनी ती जनरेटरच्या लाइनवरच्या फ्रीजमध्ये, मधल्या कप्प्यात ठेवली आणि दारावर चिठ्ठी लावली, 'या फ्रीजमध्ये डबा ठेवू नये.' चिठ्ठी कुणासाठी होती ते सगळ्यांना माहीत होतं.

पेटी येईपर्यंत मी वॉर्डात स्वॅब घेत फिरत होते. इथं जरा थांबून सांगायला हवं, कारण सीरॉलॉजीत, म्हणजे सीरम लावून केलेल्या तपासणीत, जे कळतं ते आधी काय गोळा केलंय त्यावरच अवलंबून असतं.

आमच्या भागात मे महिन्यात बर्न्स वॉर्ड म्हणजे काय ते पाहिल्याशिवाय कळत नाही. गेवराई, माजलगाव, जिंतूर, परतूर, कुठून कुठून आलेले पेशंट. स्टोव्हचा भडका, चुलीपाशी पेटलेला पदर, पिकाला पाणी द्यायला गेलेल्याला बसलेला विजेचा झटका. खाटांवर मच्छरदाण्या, अंगावर सिल्व्हर सल्फाडायझिनचा पांढरा लेप, बाहेर पारा चाळिशीच्या वर. एसी नाही. खिडकीत दोन मोठे कूलर. आणि पाणी टँकरचं. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तो २०१६ चा उन्हाळा सगळ्या महाराष्ट्रानं टीव्हीवर पाहिला. आमचं गाव वेगळं आणि वर्षही वेगळं, पण नळाची गत तीच. वॉर्डाच्या न्हाणीघरात निळा प्लॅस्टिकचा ड्रम भरून ठेवलेला असायचा. त्यात पाणी काढायचा मग बुडवायचा आणि ड्रेसिंगच्या आधी जखमा धुवायच्या. सलाइन धुण्यात घालवायचं नाही, ते शिरेतून द्यायला ठेवायचं, असा कुणी न लिहिलेला नियम.

सगळ्यांचा संशय कूलरवर होता. सर्जरीचे सर तर पहिल्या दिवसापासून म्हणत होते, "यात तपासायचं काय? कूलरचं पाणी बघा, वास बघा. बंद करा तो." कूलरचं गवत काळं पडलेलं, टाकीच्या तळाशी बुळबुळीत थर, म्हणजे दिसायला आरोपी तोच. मी गवताचा तुकडा कापून घेत होते तेव्हा वॉर्डातले मामा शेजारी येऊन उभे राहिले. "मॅडम, तपासा खुशाल. पण बंद करायचं लिहू नका. ह्या लेकरायला पोळलेल्या अंगानं उकाडा सोसंना. रात्रभर वरडतेत." मी काही लिहिणार नाही, नुसतं घेऊन जातेय, म्हटलं.

सिस्टर इनचार्जचं म्हणणं वेगळं. हाताचे ठसे घ्यायला प्लेट पुढे केली तर म्हणाल्या, "घ्या की. पण आमच्याच हाताचे का? सर लोकांचे पण घ्या." बरोबर होतं त्यांचं. सरांचेही घेतले.

नळाची तोटी, सिंकची जाळी, ट्रॉलीचा वरचा कप्पा, मगाची कड, ड्रमचं पाणी, कूलरची टाकी, आणि ट्रॉलीवरची अँटिसेप्टिकची बाटली. ही बाटली म्हणजे सेट्रिमाइड आणि क्लोरहेक्झिडिनचं पिवळसर द्रावण. मूळ कॅनमधून ओतून पाणी घालून पातळ केलेलं. बाटली रिकामी होत आली की धुवायची नाही, वरून भर घालायची. वापरातलं जंतुनाशक काम करतंय का, हे बघायची एक जुनी सोपी टेस्ट आहे, १९६६ मध्ये केल्सी आणि मॉरर यांनी सांगितलेली. बाटलीतलं १ मिली ९ मिली ब्रॉथमध्ये, म्हणजे जंतू वाढवायच्या पातळ माध्यमात, घालायचं, दोन प्लेटांवर प्रत्येकी दहा थेंब टाकायचे. एक प्लेट ३७ अंशांवर तीन दिवस, दुसरी खोलीच्या तापमानाला सात दिवस. दहापैकी पाचांहून जास्त थेंबांत वाढ दिसली तर ते जंतुनाशक नापास. आमच्या बाटलीचे एका प्लेटवरचे दहाही थेंब उगवले, आणि हिरवे.

यातली खरी गंमत लॅबवाल्यांनाच कळेल. इतर जंतू मारून एकटा स्यूडोमोनास वाढवायचा असेल तर आपण सेट्रिमाइड अगार हे प्लेटवरचं माध्यम वापरतो. त्यात ०.०३ टक्के सेट्रिमाइड असतं. इतरांना ते मारक, याला चालतं. वॉर्डात ट्रॉलीवर तेच रसायन पातळ करून ठेवलेलं होतं आणि त्याला आम्ही अँटिसेप्टिक म्हणत होतो.

सीरं आल्यावर कामाला बसलो. नमुन्यांना काकांनी नुसते आकडे दिले होते. कोणता आकडा कुणाचा ते त्यांच्या वहीत, आणि वही त्यांच्या कपाटात. मला माहीत असतं तर कूलरच्या थेंबात दाणे दिसावेत असं डोळ्यांना आपोआप वाटलं असतं, म्हणून.

वाढ ताजी हवी, १८ ते २४ तासांची, साध्या न्यूट्रिएंट अगारवरची. एखाद्याच जंतूला वाढू देणाऱ्या सिलेक्टिव्ह मीडियावरून थेट उचलू नये. एका काचपट्टीवर मेणपेन्सिलीनं खणं पाडायची. एका खणात नुसतं सलाइन, ०.८५ टक्के. तारेच्या लूपच्या टोकानं कॉलनीचा, म्हणजे प्लेटवर उगवलेल्या जंतूंच्या ठिपक्याचा, कण उचलून त्यात घोळवायचा, गुठळी न राहता एकजीव दुधाळ व्हायला हवं. दुसऱ्या खणात तेच, पण सीरमचा थेंब. मग पट्टी दोन बोटांत धरून हलकेच मागेपुढे झुलवायची, दिव्यापुढे, पाठीमागे काळा कागद. साधारण मिनिटभर.

मी पहिल्याच पट्टीला सीरमच्या थेंबाकडे बघत बसले. काका म्हणाले, "मॅडम, घाई करू नका. आधी मिठाच्या पाण्याला विचारा."

त्यांचं म्हणणं अगदी मुद्द्याचं होतं. ज्या जंतूची ओ-साखळी गळून गेलेली असते तो नुसत्या सलाइनमध्येही आपोआप दाणे धरतो. त्याला कोणतंही सीरम लावा, पॉझिटिव्हच दिसणार. सलाइनचा खण गढूळच राहिला तरच शेजारच्या खणाकडे बघायचं. आमच्यातले दोन नमुने असे निघाले. ते पुन्हा प्लेटवर घेतले, गुळगुळीत कडांची कॉलनी शोधून उचलली, सस्पेन्शन उकळलं, सेंट्रिफ्यूज करून पुन्हा सलाइनमध्ये घेतलं. ओ-अँटिजेनला उष्णता चालते म्हणून उकळता येतं. वरचा चिकट थर निघून जातो आणि साखळी उघडी पडते. त्यातला एक सरळ झाला. दुसऱ्यानं शेवटपर्यंत दाद दिली नाही. त्याच्यापुढे 'टाइप करता आला नाही' असं लिहिलं आणि पुढे गेलो. सगळेच टाइप होतात असं सांगणाऱ्या लॅबवर माझा विश्वास बसत नाही.

एकेरी सीरं थेट लावत नाहीत, महाग आहेत. आधी पूल, म्हणजे अनेक सीरांचं मिश्रण. ज्या पुलात दाणे येतील त्यातलीच एकेरी सीरं मग एकेक करून. जुळलं की ते बघायला मजा येते. सुरुवातीला काहीच नाही, सगळं सारखं पांढरट. पट्टी आठ-दहा वेळा झुलली की थेंबाच्या कडेला खरखर दिसते, मग दूध नासावं तसं पाणी एकीकडे आणि चोथा एकीकडे. खालचा काळा कागद स्वच्छ दिसायला लागतो. जुळलं नाही तर तोच थेंब शेवटपर्यंत दुधाळ. अर्धवट, रेंगाळत आलेले बारीक दाणे मी मोजत नव्हते. मिनिटाच्या आत ठळक आलं तर आलं. पट्टीवरचे जंतू जिवंत असतात हे विसरायचं नाही, झालं की सरळ हायपोक्लोराइटच्या भांड्यात.

सिंकच्या जाळीनं वेळ खाल्ला. एका प्लेटवरच्या एका कॉलनीवर भरवसा ठेवायचा नाही, चार-पाच उचलायच्या, हे मॅडमनी आधीच बजावलं होतं. जाळीतल्या पाच कॉलन्यांत तीन वेगवेगळे प्रकार निघाले. सिंक म्हणजे धर्मशाळा, कुणीही यावं. त्यातली एकच उचलली असती तर सिंक दोषी ठरलं असतं किंवा निर्दोष सुटलं असतं, केवळ नशिबानं.

आकड्यांचं काम संपल्यावर काकांनी वही उघडली. पेशंटपैकी बहुतेक सगळे ओ-११. दोघे ओ-६, आणि ते दोघे वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला, एकमेकांशेजारी. कूलरची टाकी आणि कूलरचं गवत दोन्ही ओ-१. ओ-१ एकाही पेशंटमध्ये नव्हता. ड्रमचं पाणी ओ-११. मगाची कड ओ-११. अँटिसेप्टिकची बाटली ओ-११. हातांच्या प्लेटांवर स्यूडोमोनास कुणाच्याच नव्हता, सिस्टरच्याही नाही आणि सरांच्याही नाही.

मामांना मीच जाऊन सांगितलं की कूलर चालू राहील, फक्त पाणी रोज बदलायचं आणि गवत नवं घालायचं. मीटिंगमध्ये सर्जरीच्या सरांनी कागद हातात घेतला आणि म्हणाले, "म्हणजे ड्रम. ठरलं."

मॅडम म्हणाल्या, "कूलर नाही, हे ठरलं. ड्रमचं अजून ठरायचंय."

मला तेव्हा हे उगाच ताणल्यासारखं वाटलं, नंतर पटलं. प्रकार वेगळा निघाला तर सुटका जवळपास पक्की. ओ-१ चा कूलर ओ-११ ची साथ पसरवू शकत नाही. पण प्रकार सारखा निघाला म्हणून एकच घराणं असं होत नाही, कारण ओ-६ आणि ओ-११ हे जगभर सगळीकडे सापडणारे प्रकार आहेत. दुर्मीळ प्रकार सगळीकडे सारखा सापडला असता तर त्याचं वजन जास्त असतं. दुसरं म्हणजे दिशा. ड्रममधून पेशंटकडे गेला, की पेशंटच्या जखमेला लागलेला मग ड्रममध्ये बुडाला आणि तिथून पुढच्याकडे गेला? सीरम ते सांगत नाही. ड्रमचा नमुना आम्ही घेतला तेव्हा वॉर्ड आधीच हिरवा झाला होता. सर म्हणाले, "मग या सगळ्याचा उपयोग काय?" मॅडमनी सांगितलं, "उपयोग हा, की तुम्ही कूलर बंद करून निवांत बसणार होतात आणि ड्रम तसाच राहिला असता."

पुराव्याची खातरजमा होईपर्यंत वाट बघायचं कारण नव्हतं, ड्रम दोषी असो वा नसो, मग बुडवून जखमा धुणं चूकच. तोटी असलेलं झाकणबंद स्टीलचं पिंप आलं, जखमा धुवायला ऑटोक्लेव्ह केलेलं सलाइन लागलं, १२१ अंश, १५ मिनिटं, आणि त्यासाठी सीएसएसडीची, म्हणजे निर्जंतुकीकरण विभागाची, एक फेरी वाढली. पाणी काढायचा मग हद्दपार. अँटिसेप्टिकच्या लहान बाटल्या, ऑटोक्लेव्ह करून वाळवलेल्या, रोज सकाळी ताजं द्रावण, संध्याकाळी उरलं तर ओतून द्यायचं, वरून भर नाही. यातल्या शेवटच्या नियमाला सगळ्यात जास्त विरोध झाला, कारण उरलेलं औषध मोरीत ओतणं आपल्याकडे कुणालाच जमत नाही. सिस्टरनी मला एकदा कोपऱ्यात घेऊन विचारलंही, "थोडंसं उरलं तर ठेवलं तर नाही का चालणार?" मी त्यांना दहा हिरव्या थेंबांची ती प्लेट नेऊन दाखवली. पुढे जूनमध्ये हिरव्या पट्ट्या कमी झाल्या. त्याच सुमारास पाऊस लागला, टँकर थांबला, पेशंटही कमी झाले, त्यामुळे श्रेय कुणाचं हे मी ठामपणे सांगणार नाही.

दरम्यान आम्ही निवडक नमुने एका मोठ्या प्रयोगशाळेत पाठवले होते. तिथं जंतूचा डीएनए एका एन्झाइमनं मोजक्या जागी कापून तुकडे जेलमध्ये पळवतात आणि तिथं त्या तुकड्यांच्या उमटलेल्या पट्ट्यांची रांग जुळते का बघतात. हल्ली याच्याही पुढे जाऊन अख्खा जीनोम वाचतात आणि ओ-प्रकार कोणता ते सीरम न लावताच त्यातून काढतात. सीरॉलॉजी मागे पडली म्हणतात ते खोटं नाही. पण आमची काचपट्टी मिनिटात बोलली आणि तो रिपोर्ट यायला पावसाळा निम्मा सरला. लहान जागी मी आजही आधी काचपट्टीच उचलेन, तेवढ्यासाठी सीरं मिळाली तर.

रिपोर्टात ड्रम, मग, बाटली आणि ओ-११ चे जवळपास सगळे पेशंट एकाच घराण्याचे निघाले. अपवाद एकच. खिडकीजवळच्या खाटेवरचा तरुण, विजेच्या झटक्यानं भाजलेला. त्याचा जंतूही ओ-११, सीरमपुढे अगदी ठणठणीत दाणे आलेले, पण पट्ट्यांची रांग पूर्ण वेगळी. त्याचा केसपेपर पुन्हा काढला. आमच्याकडे येण्याआधी तो आठवडाभर दुसरीकडे भरती होता आणि तिथून रेफर होऊन आला होता. आमच्याकडचा पहिला स्वॅब त्याला येऊन तिसऱ्या दिवशी घेतलेला, म्हणून आम्ही त्याला आमच्या हिशेबात धरलं होतं. तिथल्या कल्चरचा रिपोर्ट मागवायला मॅडमनी पत्र लिहायला लावलं. पत्राला उत्तर आलं नाही म्हणून मी फोन केला. पलीकडून कुणीतरी अदबीनं सांगितलं, "मॅडम, आमच्याकडं कल्चर लावतच नाहीत, जखम हिरवी झाली की तुमच्याकडं पाठवतो."